साडेपंचवीस हजार पौंडांची युद्धनौका

2019 च्या उन्हाळ्यात इंटरनेटवरच्या एका लिलावात तीन जर्मन युद्धनौका विकल्या गेल्या. वापरलेले मोबाइल आणि जुनी घड्याळे जिथे विकायला ठेवतात, त्या ईबेवरच ‘मार्कग्राफ’, ‘क्योनिग’ आणि ‘क्रोनप्रिन्झ विल्हेल्म’ यांची जाहिरात झळकली होती. मध्यपूर्वेतील एका कंपनीने प्रत्येकी 25,500 पौंड मोजून तिन्ही घेतल्या. ‘कार्ल्सरूहे’ ही हलकी क्रूझर इंग्लंडमधल्या एका खासगी ग्राहकाला 8,500 पौंडांत मिळाली. पावणेदोनशे मीटर लांबीची, पंचवीस हजार टनांहून जड, बारा इंची दहा तोफांची युद्धनौका बऱ्यापैकी मोटारीच्या भावात जावी, याचे हसू येते. स्वस्ताईचे कारण मात्र सरळ होते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांच्या मधोमध स्कापा फ्लो नावाचा प्रशस्त नैसर्गिक आसरा आहे. त्याच्या तळाशी ही जहाजे शंभर वर्षे पडून होती. शिवाय 2001 पासून ती संरक्षित स्मारके आहेत, त्यामुळे मालकालाही परवानगीशिवाय त्यांतला एक बोल्ट काढता येत नाही. सातबारा नावावर झाला, पण शेतात कुदळ मारायची सोय नाही, असा हा व्यवहार. माझ्या मते बुडालेल्या युद्धनौकेबाबत आजवर सुचलेली हीच सर्वांत शहाणपणाची व्यवस्था आहे: जहाज जिथे पडले तिथेच राहू द्यायचे, आणि ज्याच्या पोटात माणसे गेलेली नाहीत ते डायव्हरना पाहू द्यायचे. या म्हणण्याच्या दोन्ही भागांवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पण आधी ही जहाजे तिथे पोहोचली कशी, ते पाहू.

11 नोव्हेंबर 1918 ला पहिल्या महायुद्धाची युद्धबंदी झाली आणि जर्मन आरमाराची 74 जहाजे स्कापा फ्लोमध्ये नजरकैदेत ठेवली गेली. त्यांच्यावर मोजकेच जर्मन खलाशी होते, त्यांना किनाऱ्यावर उतरायची मुभा नव्हती, आणि तहाची बोलणी कुठवर आली हे त्यांच्या सेनानीला जुन्या झालेल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून कळत असे. तो सेनानी म्हणजे रिअर अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर. जहाजे ब्रिटिशांच्या हाती पडू द्यायची नाहीत, एवढे त्याने ठरवून टाकले होते. 21 जून 1919 च्या सकाळी पहाऱ्यावरचा ब्रिटिश ताफा सरावासाठी बाहेर समुद्रात गेला आणि रॉयटरने ठरलेला इशारा दिला. तळाचे व्हॉल्व्ह उघडले गेले, आतले जलरोधक दरवाजे सताड ठेवले गेले. दुपारी बाराच्या सुमारास ‘फ्रीडरिश डेर ग्रोसे’ पहिली बुडाली, संध्याकाळी पाचला ‘हिंडेनबुर्ग’ शेवटची. मधल्या पाच तासांत 52 जहाजे तळाला गेली. स्ट्रॉमनेसच्या शाळेतली मुले त्याच दिवशी बोटीने जर्मन आरमार पाहायला सहलीला आली होती. त्यांना जे पाहायला मिळाले ते त्यानंतर कुठल्याच शाळेच्या सहलीला मिळालेले नाही. गोंधळात ब्रिटिशांच्या गोळीबाराने नऊ जर्मन मारले गेले, त्यांत ‘मार्कग्राफ’चा कप्तानही होता. आठवड्याभराने, 28 जूनला, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. हे नऊ जण मेले ते डेकवर किंवा होड्यांमध्ये, आणि पुरले गेले लायनेसच्या नौदल दफनभूमीत. जहाजांबरोबर तळाला कोणी गेले नाही. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

बुडालेल्या बावन्न जहाजांपैकी बहुतेक पुन्हा वर आली. अर्नेस्ट कॉक्स हा भंगाराचा व्यापारी. बुडालेले जहाज वर काढण्याचा त्याला काडीचा अनुभव नव्हता. 1924 पासून त्याने आधी लहान विनाशिका आणि मग थेट प्रचंड युद्धनौका उचलायला घेतल्या. बहुतेक मोठी जहाजे उलटी पडली होती. कॉक्सच्या माणसांनी त्यांच्या तळाला उंच लोखंडी नळकांडी जोडली, त्यांतून खाली उतरून उलट्या जहाजाच्या आत कप्पे बंद केले, मग दाबाची हवा भरून आख्खे जहाज बुडबुड्यासारखे वर आणले. अशा उलट्याच अवस्थेत ती शेकडो किलोमीटर ओढून रोसाइथच्या गोदीत मोडायला नेली गेली. ‘मोल्टके’ला नेताना फोर्थच्या रेल्वे पुलाखाली ती ताब्याबाहेर जाऊन वाहत गेली होती, पुलाला लागली नाही हे नशीब. कॉक्स शेवटी तोट्यातच राहिला. त्याच्यानंतरच्या कंपनीने 1939 मध्ये ‘डेर्फ्लिंगर’ उचलली आणि मोठ्या जहाजांची उचल तिथे संपली. खोल पाण्यातल्या तीन युद्धनौका आणि चार क्रूझर उरल्या, कारण त्यांना वर काढण्याचा खर्च पोलादाच्या भावात बसत नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत भंगारवाल्यांनी त्यांना सुरुंग लावून इंजिनांकडचे पितळ आणि कांसे तेवढे काढून नेले. त्या स्फोटांची भगदाडे आजही दिसतात.

इथे पहिला प्रश्न उभा राहतो. जर्मनीची ड्रेडनॉट जातीची एकही युद्धनौका आज पाण्यावर नाही. 1916 च्या जटलंडच्या लढाईत दोन्ही बाजूंनी अडीचशे जहाजे उतरली होती. त्यांतले तरंगते उरले आहे ते बेलफास्टमधले ‘कॅरोलाइन’ हे एकच, आणि तेही ब्रिटिश. स्कापाच्या तळाशी असलेली तिन्ही जहाजे जटलंडला लढलेली आहेत. मग एवढा दुर्मीळ ऐवज वर काढून संग्रहालयात का ठेवू नये? स्वीडनने 1628 मध्ये बुडालेली ‘वासा’ 1961 मध्ये वर काढलीच ना? काढली, आणि त्या एका लाकडी जहाजावर सतरा वर्षे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारावे लागले; त्यानंतरही 2000 च्या सुमारास लाकडात आम्ल तयार होत असल्याचे लक्षात आले आणि दुरुस्तीचे काम नव्याने सुरू झाले. लोखंडाचे दुखणे याहून कठीण. समुद्रात राहिलेल्या लोखंडात क्षार खोलवर मुरलेले असतात. ते हवेत आणून वाळू दिले की गंज आतून फुगतो आणि धातूचे पापुद्रे सुटू लागतात. अमेरिकी यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’चा फक्त तोफांचा घुमट 2002 मध्ये वर काढला, क्षार निघावेत म्हणून त्याला वर्षानुवर्षे रसायनांच्या टाकीत बुडवून ठेवावे लागले. तो घुमट शंभर-सव्वाशे टनांचा आहे. ‘मार्कग्राफ’ त्याच्या दोनशे पट. तिच्यासाठी टाकी बांधायची म्हणजे बंदर बांधायचे. उरतो तो कॉक्सचा मार्ग, म्हणजे वर काढायचे आणि वितळवायचे. वर काढणे आणि वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पोलादी युद्धनौकेच्या आकारात त्यांतले दुसरे आजतरी कोणाला जमत नाही.

पाण्यात राहिलेले जहाजही गंजतेच, पण त्याचा गंजण्याचा एक क्रम असतो, आणि तो क्रम वाचता येतो. तिन्ही युद्धनौका उलट्या पडल्या आहेत, कारण जड घुमट आणि चिलखत वरच्या बाजूला होते आणि पाणी दोन्ही कुशींना सारखे भरले नाही. त्यामुळे डायव्हर पस्तीस-चाळीस मीटर खोलीच्या जागी उतरतो तेव्हा त्याला आधी भेटतो तो जहाजाचा तळ, टेकडीसारखा पसरलेला. तळाचा पत्रा तुलनेने पातळ. शंभर वर्षांत तो जागोजागी खचला आहे आणि आतल्या चौकटी उघड्या पडल्या आहेत. कडेने खाली गेले की पस्तीस सेंटिमीटर जाडीचा चिलखती पट्टा लागतो. तो अजून भिंतीसारखा उभा आहे. त्याखाली, जहाज आणि गाळ यांच्यामधल्या अंधाऱ्या सांदीत, टॉर्चच्या उजेडात ‘क्रोनप्रिन्झ विल्हेल्म’ची बारा इंची तोफ दिसते. जाड नळी, तिच्यावर गाळाचा करडा थर, आणि डोक्यावर आख्ख्या जहाजाचा भार. जहाजाच्या आराखड्यात चिलखत कुठे संपते हे रेषेने दाखवलेले असते. इथे ते पडझडीने दाखवले आहे. क्रूझरांचे रूप निराळे. ‘क्योल्न’, ‘ड्रेस्डेन’, ‘ब्रुमर’ आणि ‘कार्ल्सरूहे’ कुशीवर आडव्या झाल्या आहेत, त्यामुळे डेक म्हणजे समोर उभी ठाकलेली भिंत. तिच्यावरून पोहत जाताना होड्या सोडायचे वाकडे खांब, चिलखती नियंत्रण मनोरा, मागच्या बाजूच्या तोफा एकेक करून येतात. सगळ्यांवर पांढऱ्या-नारिंगी समुद्रफुलांचे आणि मऊ प्रवाळांचे दाट आवरण. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे सोनारने वारंवार नकाशे घेतले गेले आहेत आणि कोणता भाग किती ढासळला हे त्यांवरून कळते. पण सोनारला आकार दिसतो. पत्रा गंजून गेला की सुरुंगाने फाटला, हे जवळ जाऊन पाहणाऱ्या डोळ्याला कळते. वर्षानुवर्षे त्याच जहाजांवर उतरणाऱ्या हौशी डायव्हरांचे फोटो म्हणूनच अभ्यासकांना उपयोगी पडतात.

हे पाहणे फुकटात मिळत नाही. स्कापाचे पाणी हिवाळ्याअखेरीस सहा-सात अंशांवर असते, उन्हाळ्याच्या शेवटी तेरा-चौदावर पोहोचते. तारकर्लीला किंवा अंदमानात स्कुबा केलेल्या माणसाला हा वेगळाच खेळ वाटेल. पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब खेचून घेते, म्हणून इथे अंग कोरडे ठेवणारा ड्रायसूट घालतात, आत लोकरीसारखे जाड कपडे. हातमोजे जाड, त्यामुळे बोटांचे काम मंद. आणि खरा धोका तोंडाजवळच्या यंत्रणेत असतो. सिलिंडरमधली हवा दोनशे बारच्या दाबावरून एकदम खाली येताना प्रसरण पावते आणि कडाक्याने थंड होते. भोवतालचे पाणीही गार असेल तर रेग्युलेटरच्या झडपेत बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि हवा सुसाट वाहू लागते. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा. म्हणून थंड पाण्यासाठीचे रेग्युलेटर वेगळे घ्यावे लागतात आणि दोन स्वतंत्र झडपांचे जोड सिलिंडर पाठीवर बांधतात. हवेचा हिशेबही कडक. चाळीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट, म्हणजे एकेका श्वासाला पाचपट हवा. बारा लिटरचा जो सिलिंडर वर दोन तास पुरेल तो तिथे जेमतेम चोवीस मिनिटे. त्यात नायट्रोजनची धुंदी, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणे. याच थांब्यांवर थंडी दगा देते: तळाशी हालचालीने ऊब होती तेव्हा शरीराने नायट्रोजन भरपूर घेतला, आता गारठलेल्या हातापायांतला रक्तप्रवाह मंदावला आणि तो बाहेर पडेना. डीकम्प्रेशनचा त्रास थंड पाण्यात वाढतो तो यामुळे. थंडीची एक बाजू मात्र जहाजाच्या भल्याची आहे. गार पाण्यात विरघळलेला प्राणवायू जास्त असला तरी गंजाची रासायनिक क्रिया मंद चालते, आणि पत्र्यावर बसलेला गंज-चुन्याचा कडक थर तिला आणखी आवरतो. तो थर कोणी खरवडला की खालचे कोरे लोखंड उघडे पडते. ‘बघा, पण हात लावू नका’ हा नियम नुसत्या आदरापोटी केलेला नाही, त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड असा की युद्धनौका ही कबर असते आणि कबरीवर पर्यटन शोभत नाही. याचे उत्तर स्कापा फ्लोनेच देऊन ठेवले आहे. जर्मन जहाजांपासून काही किलोमीटरवर ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका पडलेली आहे. 14 ऑक्टोबर 1939 च्या मध्यरात्रीनंतर यू-47 ही जर्मन पाणबुडी बंदरात शिरली आणि तिच्या टॉर्पेडोंनी 835 जणांसह ही नौका बुडवली. ‘व्हॅनगार्ड’ 1917 मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात गेली, 843 माणसांसह. बेटांच्या पश्चिमेला ‘हॅम्पशायर’ आहे. 1916 मध्ये ती सुरुंगावर आदळली तेव्हा तिच्यावर लॉर्ड किचनर होता, काही वर्षांपूर्वीच भारताच्या सरसेनापतिपदावरून गेलेला. 1986 च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्याखाली या तिन्ही जागी परवान्याशिवाय उतरता येत नाही. ‘रॉयल ओक’वर नौदलाचे डायव्हर दरवर्षी जाऊन ध्वज बदलून येतात, एवढेच. म्हणजे एकाच बंदरात दोन प्रकारची जहाजे आणि दोन प्रकारचे नियम आहेत, आणि रेघ आखली आहे ती आत माणसे आहेत की नाहीत यावर. युद्धनौका म्हटली की सगळी पवित्र, किंवा सगळी खुली, अशी सरसकट भूमिका घेणाऱ्यांनी या दोन जागांमधले अंतर पाहावे. दीवच्या किनाऱ्याजवळ 9 डिसेंबर 1971 ला आपल्या नौदलाची ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. उद्या तिथवर पोहोचणे सोपे झाले तरी तिथे हौशी डायव्हरना काही काम नाही, आणि याबद्दल माझ्या मनात किंतू नाही.

दुसरा आक्षेप: डायव्हर चोर असतात. यात तथ्य आहे. बुडालेल्या जहाजावरून घंटा, दिवा, कंपास, पितळी खिडकी घेऊन येणे हा एके काळी उघड मिरवण्याचा पराक्रम होता. ‘हॅम्पशायर’चा एक प्रॉपेलरसुद्धा 1983 मध्ये उचलून आणला गेला होता. संरक्षण मिळाल्यानंतरही ‘मार्कग्राफ’वरून वस्तू काढणाऱ्या दोघांना स्कॉटिश न्यायालयाने प्रत्येकी 18,000 पौंड दंड केला. जहाजाच्या किमतीशी ताडून पाहिले तर हा दंड फारच मोठा आहे. मात्र जिथे नियमाने वावरणारे डायव्हर येत-जात असतात तिथे चोरी उघडकीस यायची शक्यताही वाढते. उलट जिथे कोणी फिरकत नाही तिथे काय होते? फेब्रुवारी 1942 मध्ये जावा समुद्रातल्या लढाईत ‘डी राउटर’ आणि ‘जावा’ या डच क्रूझर शेकडो खलाशांसह बुडाल्या. 2002 मध्ये हौशी डायव्हरना त्या सापडल्या. 2016 मध्ये पुन्हा पाहायला गेले तर जागेवर समुद्रतळातले खड्डे. आख्ख्या क्रूझर, आतल्या अस्थींसह, भंगारासाठी उपसून नेल्या होत्या. मलेशियाजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ यांचीही लूट झाली. हे कंपास खिशात घालणाऱ्या हौशी माणसाचे काम नव्हे. त्याला क्रेनची बार्ज लागते आणि कोणाची नजर नसलेला समुद्र लागतो. स्कापामध्ये डायव्हरच्या बोटी रोज त्याच जहाजांवर जातात आणि त्यांच्या कप्तानांचे पोट त्या जहाजांवर चालते. तिथे बार्ज लावून क्रूझर उपसणे कोणाला जमणार नाही. जावा समुद्रातल्या जहाजांना कबरीचा दर्जा नैतिक दृष्ट्या पूर्ण होता, राखणदार मात्र नव्हता. यावरून ‘रॉयल ओक’सारख्या कबरीही वाचतात त्या केवळ कायद्याने नव्हे, वस्तीला आणि नौदलाला जवळ असल्याने, हेही मान्य करावे लागते.

तिसरा आक्षेप असा की हे संग्रहालय मूठभरांचे आहे: पैसा, प्रशिक्षण आणि धडधाकट शरीर असलेल्यांचे, आणि त्यांतलेही काही जीव गमावतात. खरे आहे. फोटो जोडून केलेली त्रिमिती चित्रे आणि लायनेसचे संग्रहालय यांमुळे ही उणीव थोडी भरून निघते, पुरती नाही. पण जहाज वर काढणे शक्य नाही हे एकदा ठरले की पर्याय ‘सगळ्यांनी पाहणे’ हा उरतच नाही. मूठभरांनी पाहून इतरांना दाखवणे किंवा कोणीच न पाहणे, एवढेच उरते. जिवाच्या धोक्याबद्दल म्हणाल तर तो बराचसा जहाजाच्या आत शिरण्यात आहे. आतला गाळ एका पंखाच्या फटक्याने उठतो आणि बाहेरची वाट हरवते. त्यासाठी जहाज शंभर वर्षांचे आणि मोडकळीला आलेले असावे लागते असेही नाही. 2004 मध्ये कॉर्नवॉलजवळच्या गार पाण्यात डायव्हरांसाठीच मुद्दाम बुडवलेल्या ‘सिला’ या फ्रिगेटच्या आतही माणसे दगावली आहेत.

‘सिला’चा मार्ग आता कोकणातही येतो आहे. 1985 मध्ये नौदलात आलेली आणि 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही पोलंडमध्ये बांधलेली, सुमारे 83 मीटर लांबीची नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली गेली आहे. सिंधुदुर्गात निवतीजवळ ती समुद्रतळाशी ठेवून डायव्हरना खुली करण्याचा प्रकल्प आहे. इथे कबरीचा प्रश्न नाही. तेल, रंग आणि केबल आधी काढून टाकता येतात, आत अडकण्याच्या जागा कापून मोकळ्या करता येतात. ‘गुलदार’ युद्धनौकाच आहे, पण ती ‘मार्कग्राफ’ची जागा घेऊ शकत नाही, कारण तिच्या पडण्यामागे इतिहासातला कोणताही दिवस नाही. तिचा उपयोग दुसरा आहे: नवख्या डायव्हरने जहाज बघायला शिकावे, पण शिकताना जे बिघडेल ते परत न मिळणारे नसावे. त्यासाठी ‘हात लावू नका’ हा नियम पहिल्या हंगामापासून लावावा लागेल. कोकणच्या उबदार पाण्यात कालवे आणि बार्नेकल पत्र्यावर झपाट्याने बसतात; पहिल्याच वर्षी लोकांनी आठवण म्हणून ती खरवडायला सुरुवात केली, तर गंज दर हंगामाला कोऱ्या लोखंडापासून सुरू होईल.